रॅली कुणाची?

आमच्या बांधावर ऐनाचं एक झाड आहे. गेल्या आषाढात एका सकाळी त्या झाडाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांची प्लास्टिकची फीत बांधलेली दिसली. फीत झाडापासून निघून रस्त्याच्या कडेकडेने विजेच्या खांबापर्यंत गेली होती आणि मध्ये एक पुठ्ठा लटकत होता. 'प्रेक्षकांनी फितीच्या पुढे येऊ नये.' पाऊस होता म्हणून पुठ्ठा दुधाच्या पिशवीसारख्या पिशवीत घातलेला. मी झाडाखाली उभा होतो, डोक्यावर घोंगडी. नारिंगी जॅकेट घातलेला एक पोरगा शिट्टी वाजवत आला आणि म्हणाला, "काका, मागे व्हा. प्रेक्षकांनी मागे राहायचंय."

मी म्हटलं, "बाबा, मी प्रेक्षक नाही. हे माझं शेत आहे."

तो म्हणाला, "हो काका, पण आत्ता प्रेक्षकच ना?"

पोरगा चांगला होता, बोलणंही नम्र होतं. मी हसलो आणि मागे सरकलो. पण त्याचं ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून बसलंय, आणि हा सगळा लेख त्या एका वाक्याशी माझं भांडण आहे असं समजा.

आमच्याकडे रॅली म्हटलं की माणसं पहिलं विचारतात, पक्ष कोणता? आदल्या रात्री मी घरात सांगितलं, उद्या रस्त्यावर रॅली आहे, तर आमच्या मंडळी म्हणाल्या, "परत निवडणूक लागली का?" मोटारींची रॅली म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. आवणीच्या दिवसांत कोण कशाला मोटारी पळवील, हा त्यांचा साधा प्रश्न. मी त्यांना अडाण्यात काढलं. दहावी शिकलेल्या माणसाला तेवढा हक्क असतो, असं मला वाटायचं.

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला आणि पुढे मुरबाडला जो रस्ता जातो, त्याच्या आसपासचं आमचं गाव. मोठ्या रस्त्याने गाड्या नुसत्या यायच्या-जायच्या होत्या. खरी पळापळ होती ती आतल्या, डोंगराकडे जाणाऱ्या सातेक किलोमीटरच्या रस्त्यावर. हा रस्ता निम्मा डांबराचा, निम्मा खडीचा, मध्ये ओढ्यावर एक फरशी, जिच्यावरून श्रावणापर्यंत पाणी वाहतं. दहा वर्षं आम्ही ओरडतोय की पूर्ण डांबर टाका. तो शिट्टीवाला पोरगा मला म्हणाला, "काका, आम्हाला रस्ता असाच लागतो, खराब." म्हणजे आमच्या खड्ड्यांनाही गिऱ्हाईक आहे तर!

आधी एक कबूल करून टाकतो. मला मजा आली. रॅली म्हणजे श्रीमंतांचा माज, असं लिहिलं की टाळ्या मिळतात, पण मी तिथं चार तास उभा होतो आणि मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पाऊस असा की समोरचा डोंगर दिसत नव्हता. आधी आवाज यायचा, डोंगराच्या आडून, पत्र्यावर कुणी गोटे ओतावेत तसा. मग वळणावर दिव्यांचा उजेड, आणि मग ती जिप्सी पुढच्या तोंडाने यायच्या ऐवजी कुशीवर यायची. होय, कुशीवर. खेकडा चालतो तशी. फरशीवर पाण्यात घुसली की दोन्ही बाजूंनी पाण्याच्या भिंती उभ्या राहायच्या आणि पोरं ओरडायची. नांगराचा बैल चिखलात कसा पाय टाकतो ते आयुष्यभर बघितलेला माणूस मी. चिखलात जोर कुठं लावायचा आणि कुठं सोडायचा हे ज्याला कळतं, त्याला मी मानतो. ते पोरगे त्यात वस्ताद होते, एक मुलगीही होती.

मला सर्वांत नवल वाटलं ते शेजारी बसणाऱ्या माणसाचं. तो बाहेर बघतच नाही! मांडीवर वही, त्यात खुणा, आणि तो मोठ्याने वाचत असतो: पुढे डावं वळण, मग चढ, मग पाणी. चालवणारा त्याच्या शब्दावर गाडी टाकतो. डोळे एकाचे, हात दुसऱ्याचे. घरात आमचंही असंच चालतं, फक्त आमच्याकडे वाचणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ घड्याळ घेऊन बसले होते. त्यांनी मला समजावून सांगितलं की रॅली दोन तऱ्हेची. एक ही, रस्ता बंद करून, गाडी मागून गाडी सोडायची, कमी वेळात जाईल तो जिंकला. दुसरी उघड्या रस्त्यावरची. तिथं ठरवून दिलेल्या सरासरी वेगानेच जायचं. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोचला तरीही दंड! हे मला फार आवडलं. पण शेतकऱ्याचं डोकं लगेच पुढे जातं. मी विचारलं, "आणि वाट चुकला तर?" ते म्हणाले, "मग गेलेला वेळ भरून काढावा लागतो." मग तो कुठं भरून काढतो? बंद रस्त्यावर नाही. उघड्या रस्त्यावर, जिथं इको गाडीत अकरा माणसं कोंबलेली असतात आणि शाळेतली पोरं दप्तरावर प्लास्टिक घेऊन साईडपट्टीने चालत असतात. नियम कागदावर शहाणा असतो. चुकलेला माणूस शहाणा नसतो, मग तो मोटारीत असो की बैलगाडीत.

हे सगळं मला नवीन नाही. १९६८ साली मी दहा वर्षांचा होतो. तेव्हा लंडनहून सिडनीला जाणारी मोटारींची शर्यत निघाली होती. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या सुटल्या, युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत दिल्ली आणि दिल्लीहून मुंबई. मुंबईला राहिलेल्या गाड्या बोटीत चढवल्या आणि पुढे ऑस्ट्रेलिया. हे आकडे मी आता नातवाकडून मोबाईलवर काढून घेतले. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की आग्रा रोडने विलायती गाड्या येणार. वडिलांनी मला आसनगावच्या बाजूला नेलं होतं. भाताची झोडणी चालू होती, ती ठेवून गावची निम्मी माणसं रस्त्यावर. मला आठवतात धुळीने माखलेले चार-चार दिवे आणि काचेमागे एक लालबुंद, झोप न झालेला चेहरा. वडिलांनी गाडीला हात लावला होता. घरी आल्यावर त्यांनी तो हात सगळ्यांना दाखवला.

त्या शर्यतीचा शेवट मला हल्लीच कळला. सिडनी जवळ आलेली, सित्रोएन नावाची फ्रेंच गाडी पहिल्या नंबरावर, जिंकल्यातच जमा. आणि समोरून एक साधी छोटी मोटार आली, शर्यतीशी काही संबंध नसलेली, आणि धडक झाली. सित्रोएनमधला बियांकी नावाचा नामांकित ड्रायव्हर जबर जखमी झाला. जिंकली ती अँड्र्यू कोवन याची हिलमन हंटर. बातम्यांत ड्रायव्हरचं नशीब, गाडीचं नशीब, सगळं आलं. त्या छोट्या मोटारीत कोण होतं, कुठं निघालं होतं, हे नातवाने काढून दिलेल्या मजकुरात तरी मला सापडलं नाही.

इथं माझा मुद्दा सुरू होतो. पण तो मला वाचून सुचलेला नाही. त्याच दिवशी माझ्याच शेतावर सुचला, आणि तो सांगताना मला लाज वाटते.

त्या दिवशी माझी आवणी होती. खालच्या तीन खाचरांची चिखलणी आदल्या संध्याकाळी पॉवर टिलरने करून घेतली होती. सकाळी घरच्या माणसांनी राबातली रोपं उपटून जुड्या बांधून ठेवल्या होत्या. रस्त्यापलीकडच्या ठाकूरवाडीतल्या अकरा बाया आठ वाजता येणार होत्या. मी घरात सांगून निघालो, अर्धा तास गाड्या बघतो आणि येतो.

नऊ वाजले, दहा वाजले. मी फितीमागे. समोर, रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्या फितीमागे गर्दी होती. त्या गर्दीत मला निळी, पिवळी प्लास्टिकची कागदं पांघरलेल्या बाया दिसल्या. दोघींच्या डोक्यावर जुनी इरली. मी ओळखलं, या आपल्याच बाया. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? मनात आलं, बघा, कामाच्या दिवशी या पण गाड्या बघायला थांबल्या! थोडा रागही आला. मग पुढची गाडी आली आणि मी त्यांना विसरलो.

त्या बघत नव्हत्या. त्या अडकल्या होत्या. पावणेआठपासून त्या फितीशी उभ्या होत्या. एका पोराने सांगितलं, दहा मिनिटं थांबा. मग दुसऱ्याने सांगितलं, शेवटची गाडी जाऊ द्या. चाळीसेक गाड्या, प्रत्येकीमध्ये एक-दोन मिनिटांचं अंतर, आणि वर दोन फेऱ्या. दोन फेऱ्यांच्या मध्ये पाऊण तास रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. त्या पाऊण तासात अकराच काय, अकराशे बाया पलीकडे गेल्या असत्या. पण पोराच्या हातातल्या वॉकीटॉकीवर 'सोडा' असा शब्द आला नाही, म्हणून त्याने सोडलं नाही. त्याला दोष देत नाही. त्याला सांगितलेलं होतं की फितीमागे जे आहेत ते प्रेक्षक. प्रेक्षकांना पलीकडे कशाला जायचंय?

साडेबाराला फीत सुटली. बाया आल्या तेव्हा चिखल बसला होता. ज्याने आवणी केली आहे त्याला हे सांगायला नको. आदल्या दिवशी केलेला चिखल वेळेत लावला तर रोप लोण्यात गेल्यासारखं जातं. बसला की अंगठा दुखतो आणि रोप वाकडं लागतं. तीनपैकी दीड खाचर झालं. उरलेल्या जुड्या ओहोळात दगडाखाली ठेवल्या.

घरी मंडळींनी एवढंच विचारलं, "किती गाड्या झाल्या?"

वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईला मी बांधावर म्हटलं, "मावशी, हाक तरी मारायची." ती म्हणाली, "मारली की. तीनदा मारली. तू हात हलवलास."

खरंच हलवला होता. मला वाटलं, मजा आली म्हणून हाक मारतात.

आता बोला. तो शिट्टीवाला पोरगा मुंबईचा, त्याला वाडी कुठं आणि शेत कुठं माहीत नाही. मी तर इथला. मलाही त्या बाया फितीमागे दिसल्या म्हणून प्रेक्षक वाटल्या. फितीचा हा गुण आहे. ती बांधली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा माणूस एकाच भावाने मोजला जातो. पण बघायला आलेला माणूस वेगळा आणि वाटेवर असलेला माणूस वेगळा. बघायला येणारा आपल्या पायाने येतो, धोका समजून येतो किंवा न समजून येतो, पण येतो. वाटसरू येत नाही. तो तिथं असतोच.

१९८६ साली पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी गर्दीत घुसली आणि बघणारी माणसं मेली. लोक रस्त्यावरच उभे असायचे, गाडी आली की बाजूला व्हायचे, हीच तिथली मर्दुमकी. त्याच वर्षी कॉर्सिका बेटावर एक ड्रायव्हर आणि त्याचा साथीदार गाडीसह जळाले, आणि मग जगातल्या त्या सर्वांत जोरदार गाड्यांच्या वर्गावर बंदी आली. त्यावर पुस्तकं निघाली असतील. आणि २०१९च्या सप्टेंबरात आपल्या राजस्थानात, बाडमेर जिल्ह्यात, राष्ट्रीय रॅलीतली गाडी एका मोटारसायकलवर आदळली. नवरा, बायको आणि मुलगा, तिघेही गेले. रस्ता स्पर्धेसाठी बंद केलेला होता, असं सांगितलं गेलं. असेल. बंद केला होता हे मान्य. कुणाला विचारून बंद केला होता, एवढंच मी विचारतो. ती माणसं शर्यत बघायला आलेली नव्हती. ती आपल्या रस्त्याने निघाली होती.

रॅलीवाले म्हणतात, परवानगी असते. असते, नाही कशाला म्हणू? १९८८च्या मोटार वाहन कायद्यात कलम १८९ आहे, सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावली तर शिक्षा आहे. संमती वर मिळते. खाली कोण सांगतो? आमच्या गावात म्हणे कागद आला होता. कागद आला आणि कपाटात गेला. दवंडी नाही, वाडीवर निरोप नाही. शहापूर तालुका सगळा अनुसूचित क्षेत्रात. १९९६चा पेसा कायदा ग्रामसभेला गौण वनोपजापासून पाझर तलावापर्यंत विचारा म्हणतो. मोटारींची शर्यत त्यात बसते की नाही हा वकिलांचा विषय. पण ज्याच्या दारातून गाडी कुशीवर जाणार त्याला आदल्या दिवशी सांगावं, याला कलम कशाला लागतं?

दुसरं त्यांचं म्हणणं, गावाचा धंदा होतो. झाला. फाट्यावरच्या वडापाववाल्याचे चार घाणे जास्त गेले, दहा पोरांना टी-शर्ट मिळाले. आता माझा हिशोब. अकरा बायांचा अर्धा दिवस. मी मजुरी पूर्ण दिली, कारण चूक माझीही होती. पण वाडीतल्या आणखी बाया दुसऱ्यांच्या शेतावर जाणाऱ्या होत्या, त्यांना अर्धाच रोज मिळाला. त्यांचा अर्धा रोज कुणी खाल्ला? बक्षिसाचा चषक केवढा उंच होता ते मी पाहिलं. त्याच्या बुडाच्या लाकडात तेवढे पैसे असतील.

आणि बैलांची गोष्ट काढल्याशिवाय मला राहवत नाही. २०१४च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यती बंद केल्या. आमच्या मुरबाड-कल्याण-भिवंडी पट्ट्यात शर्यतीच्या बैलाला पोटच्या पोरासारखा वाढवणारी माणसं आहेत. साडेसात वर्षं ती गप्प बसली. २०१७ला राज्याने कायदा केला, तो अडकला, २०२१च्या डिसेंबरात कोर्टाने अटी घालून परवानगी दिली आणि २०२३च्या मे महिन्यात कायदा कायम केला. आता शर्यत लावायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची डॉक्टरी तपासणी, चाबूक नाही, काठी नाही. काही बैलांचे हाल होत होते हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे अटींबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. आमच्या शर्यती माळावर होतात, सुगी झाल्यावर. आषाढात कुणी बैल पळवत नाही, कारण आषाढात बैल कामाला असतो. खेळाने कामाच्या वाटेत यायचं नाही, हे आम्हाला कोर्टाने सांगावं लागलं नाही.

आता आमच्या लोकांनाही दोन शब्द. दुसऱ्या फेरीला वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथं गाडी निसटली तर सरळ अंगावर येईल, तिथं आमची पोरं मोबाईल धरून उभी होती. शिट्टीवाला ओरडून दमला. "आमचा गाव आहे," म्हणे. अरे, गाव तुझा म्हणून गाडीचा टायर तुला ओळखणार आहे का? फितीचं ऐकायचं तिथं ऐकायचं नाही, आणि बाया अडकल्या आहेत तिथं फीत वर करायची हिंमत एकालाही झाली नाही. त्यात मीही आलो. साठी ओलांडलेला, गावात मान असलेला माणूस. मी दोन पावलं टाकून त्या पोराला म्हटलं असतं, बाबा, या कामाच्या बाया आहेत, यांना सोड, तर त्याने सोडलं असतं. पण मी बघत होतो.

आणि जे म्हणतात रॅल्या बंदच करा, त्यांच्याशीही माझं पटत नाही. आमच्या तालुक्यातल्या तानसा-भातशाचं पाणी मुंबई पिते आणि चैत्र-वैशाखात आमच्या वाड्यांवर टँकर येतो. ते चालवून घेणाऱ्यांनी चार मोटारींवर बंदी मागून पुण्य लावू नये. बंदी मागणं सोपं आहे. बंदी आली की कुणाला कुणाशी बोलावं लागत नाही.

मला बोलायचं आहे. संयोजकांनी यावं, ग्रामसभेत बसावं. मुंबईहून शहापूरला यायला त्यांच्या गाड्यांना कितीसा वेळ लागतो? आवणीचे पंधरा-वीस दिवस सोडून तारीख धरावी. म्हसाच्या यात्रेच्या आसपास धरली, पौष पौर्णिमेला, तर शेतं रिकामी असतात आणि माणसांना बघायला वेळ असतो. पावसातच मजा आहे म्हणाल तर श्रावण उतरल्यावर या, पाऊस तेव्हाही असतो. दोन फेऱ्यांमध्ये वाट उघडायची, आणि ती उघडणारा माणूस गावचा हवा, ज्याला वाडी कुठं आणि शेत कुठं ते ठाऊक आहे. ज्याचा रोज बुडेल त्याचा रोज संध्याकाळी तिथंच, फाट्यावर, रोख. चषक थोडा बुटका करा.

दुसऱ्या दिवशी उरलेलं दीड खाचर लावलं. ओहोळातल्या जुड्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या, पण लागल्या. भादव्यात बघितलं तर त्या दीड खाचरातली सुवर्णा शेजारच्यापेक्षा बोटभर खुजी होती. मावशी तेव्हा गवत काढायला आली होती. मी तिला दाखवलं. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी गाड्या कधी हायेत ते आधी सांग. मी पण बसून बघीन म्हणते."